हाडं कोणत्या विभागाची?

आंतरविद्याशाखीय संशोधनाचे प्रस्ताव पाठवा, असं परिपत्रक आलं की महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. विज्ञानवाले म्हणतात, आता आर्ट्सवाल्यांनाही आमच्या पंगतीला बसवायचं. आर्ट्सवाले म्हणतात, आता यांच्या यंत्रांना आम्ही गोष्टी पुरवायच्या. खालच्या संवादातले सर रसायनशास्त्राचे आणि मॅडम इतिहासाच्या. दोघंही मी बनवलेली आहेत, पण त्यांचा सूर कुठल्याही कॉलेजात ऐकू येईल. वाद हवेत राहू नये म्हणून मी त्यांना पुण्यात येरवड्याला, डेक्कन कॉलेजच्या आवारात आणून उभं केलं आहे. नावात कॉलेज, १९९०पासून दर्जा अभिमत विद्यापीठाचा, आणि एकाच कुंपणात संस्कृतचा कोश, भाषाशास्त्र आणि जुन्या हाडांची प्रयोगशाळा. या भांडणाला याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही.

सर : मॅडम, राग मानू नका, स्पष्टच बोलतो. संशोधन म्हणजे काल माहीत नव्हतं ते आज कळणं. आमच्याकडे ते खरंच कळलं की नाही हे तपासता येतं. मी नमुना दुसऱ्या लॅबला पाठवतो, तिथंही तेच उत्तर यायला हवं. तुमच्याकडे एका मोडी कागदापुढे दोन विद्वान बसवले तर तीन मतं निघतात.

मॅडम : निघतात. आणि तिन्ही मतांना त्याच कागदापुढे उत्तर द्यावं लागतं. मनाला येईल ते मत आमच्यातही खपत नाही, सर.

सर : खपत नाही म्हणता, पण नापास कोण करतं? मला प्रयोग नापास करतो.

मॅडम : इनामगावचं बघू या का? म्हणजे तुमचाही प्रयोग निघेल आणि माझाही कागद.

(इनामगाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांबद्दल आज आपण जे काही ठामपणे बोलतो, त्यातला मोठा भाग या एका गावातून आलेला आहे.)

मॅडम : साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव. तांबं थोडं, दगडाची पाती भरपूर, लोखंड नाही. मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे, आणि पुरायचे राहत्या घराच्याच जमिनीखाली. मोठं माणूस गेलं तर उताणं निजवायचे, पण घोट्याखालचे पाय तोडून.

सर : बरोबर. आणि हे मूल किती महिन्यांचं, ते मोठं माणूस बाई की पुरुष, वय किती, हे कुणी सांगितलं? हाडं वाचणाऱ्यानं. लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण झालं की दातावरचं आवरण घडता घडता अडखळतं आणि त्याची रेघ राहते. तीन हजार वर्षं ती रेघ पुसली जात नाही. तुमच्या कुठल्या बखरीत आहे ही माहिती?

मॅडम : कुठल्याच नाही. तेवढं मी विनाअट मान्य करते. पण आता पुढे चला. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं घर, त्याला धान्याचं कोठार. अंगणात चार पायांचा भला मोठा मातीचा रांजण, आणि आत मांडी घातलेला चाळिशीचा पुरुष. याचे पाय मात्र शाबूत. तो कोण?

सर : पुरुष. वय चाळीस. उंची मोजून सांगता येईल.

मॅडम : आणि?

सर : आणि काही नाही. तो गावाचा प्रमुख होता असं तुम्ही म्हणणार. ती तुमची गोष्ट.

मॅडम : गोष्ट नाही, युक्तिवाद. घर मोठं, घर मध्यात, कोठार त्याच घराला, पुरायची रीत वेगळी, पाय न तोडलेले. पाचही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. उद्या गावाच्या कडेला, एका खोलीच्या झोपडीत असाच रांजण सापडला तर माझा प्रमुख कोसळला. म्हणजे मलाही नापास करणारं काहीतरी आहे की नाही?

सर : आणि पाय का तोडले?

मॅडम : मेलेलं माणूस उठून चालू लागू नये म्हणून, असा अंदाज आहे.

सर : अंदाज.

मॅडम : अंदाजच. म्हणून तर तसं म्हणते. प्रमुखाबद्दल मी जेवढ्या जोरात बोलले तेवढ्या जोरात हे बोलणार नाही.

इथं मला मध्ये पडावंसं वाटतं. आपली किती खात्री आहे हे सांगण्याची भाषा विज्ञानवाल्यांकडे तयार असते: आकड्यापुढे अधिक-उणे लावलं की झालं. मानव्यविद्यांत ते 'असावे', 'बहुधा', 'शक्यता नाकारता येत नाही' अशा क्रियापदांवर आणि अव्ययांवर चालतं, आणि वाचणारा ती सरळ गाळून टाकतो. वर्तमानपत्रात बातमी येताना तर ती पहिली जातात.

सर : अहो, पण शेती काय करत होते, पाऊस किती होता, हे सगळं आमच्याकडूनच गेलं ना? चुलीतली, खड्ड्यातली माती पाण्यात ढवळायची. जळकं धान्य वर तरंगतं. ते बारीक चाळणीवर घ्यायचं, सावलीत वाळवायचं, भिंगाखाली धरायचं. सातू का कुळीथ, ते दाण्याचा आकार सांगतो. नदीचा गाळ पाण्याची ओढ किती होती ते सांगतो. इ. स. पू. १०००च्या पुढे हवा कोरडी होत गेली, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. सरळ हिशेब आहे.

मॅडम : हवा कोरडी झाली हा तुमचा हिशेब. गोल झोपडी म्हणजे हलाखी, हा कुणाचा? भिंगाखाली झोपडी धरता येत नाही. आजही गोल खोपट करून राहणाऱ्या माणसांकडे जाऊन, त्यांची दावण, चूल, झोपायची जागा पाहून, विचारून, मग उत्खननातल्या खुणा लावाव्या लागतात. ते काम मानवशास्त्राचं.

सर : ठीक आहे, पण तारीख आमची. तारखेशिवाय तुमचा इतिहास म्हणजे आजीची गोष्ट.

मॅडम : तारखेचं नाव काढलंत ते बरं झालं. बोरी माहीत आहे?

सर : (थोडं हसून) तुम्ही बोरी काढणार हे मला माहीत होतं.

(जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गाव आहे. तिथं नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो आणि त्याच्या संगतीत अश्मयुगीन दगडी हत्यारं. राखेचं वय कळलं की हत्यारांचं वय कळणार, म्हणून भूशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ दोघेही तिथं धावले.)

मॅडम : एका पद्धतीनं राखेचं वय आलं सुमारे चौदा लाख वर्षं. नंतर सुधारलेल्या पद्धतीनं आलं पावणेसात लाखांच्या आसपास. तिसऱ्यांनी राखेतल्या काचेचं रसायन तपासलं आणि म्हणाले, ही तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची. नमुना दुसऱ्या लॅबला पाठवला की तेच उत्तर येतं म्हणालात ना मघाशी?

सर : मॅडम, हेच तर विज्ञान. तीन आकडे आले आणि तिन्ही छापले गेले, पद्धतीसकट. दख्खनच्या काळ्या कातळाचं वय साडेसहा कोटी वर्षं. त्याचे दोन-चार कण जरी राखेत मिसळले तरी वय फुगतं. मग कण वेगळे कसे करायचे यावर भांडण होतं आणि पद्धत सुधारते.

मॅडम : म्हणजे एका राखेपुढे तीन लॅबा बसवल्या तर तीन मतं निघतात.

सर : (निरुत्तर नाही, पण सावकाश) निघतात. पण आमची मतं एकमेकांच्या जवळ यायला लागतात कधीतरी.

मॅडम : येऊ देत. तोवर हत्यारं घडवणाऱ्याच्या हाताकडे बघून, त्या घडणीची हत्यारं भारतात आणखी कुठल्या थरात येतात ते सांगणारा पुरातत्त्वज्ञच तुमच्या तिन्ही आकड्यांना जाब विचारणार आहे. ७४ हजार हा आकडा मान्य केला तर त्या जातीची हत्यारं इतक्या उशिरापर्यंत कशी टिकली, हे समजावून द्यावं लागतं. हा प्रश्न यंत्राला पडत नाही.

सरांनी यावर राखीगढी काढलं. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातलं हडप्पा संस्कृतीचं हे मोठं स्थळ, आणि तिथलं उत्खननही डेक्कन कॉलेजच्याच वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालचं. सप्टेंबर २०१९मध्ये 'सेल' या नियतकालिकात शोधनिबंध आला. साठाहून जास्त नमुने तपासले, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत डीएनए इतका विरघळून जातो की कामाचा निघाला एक. एका स्त्रीचा. कानाजवळ कवटीत एक दगडासारखं टणक हाड असतं, डीएनए टिकलाच तर बहुधा त्यातच टिकतो.

सर : साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या पेशीतलं अक्षर वाचता आलं, मॅडम. तिच्यात स्टेपच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. आर्य बाहेरून आले का, या शंभर वर्षं चाललेल्या वादात पहिल्यांदा कुणीतरी मोजून काही सांगितलं.

मॅडम : मोजून सांगितलं ते अगदी मान्य. आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर त्या बाईची भाषा ठरली, धर्म ठरला, कोण बाहेरून आलं आणि कोण नाही ते ठरलं. बाई एक. भाषा डीएनएत नसते. ती कुठल्या घरात राहत होती, तिच्या शेजारी कुठली भांडी ठेवली होती, ते दफन गावच्या रीतीचं होतं की वेगळं, हे विचारल्याशिवाय त्या एका जीनोमला तोंड नाही. आकडा जितका खरा तितका त्याच्या नावावर खपवायला सोपा.

सर : तो दोष टीव्हीचा.

मॅडम : निम्मा. उरलेला निम्मा आपला. विज्ञानाच्या वर्गात आपण मुलांना उत्तर काढायला शिकवतो, पण ते उत्तर कुठल्या प्रश्नाचं आहे हे विचारायला शिकवत नाही.

सर : मग इरावतीबाई कर्वे घ्या. त्यांनी काय केलं? मोजलंच ना?

हा मुद्दा सरांच्या बाजूनं वजनदार आहे, आणि मला वाटतं तो पुरेसा सांगितला जात नाही. इरावतीबाई विशीच्या सुरुवातीला बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजायला लागल्या. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, गोऱ्यांच्या कवट्यांत ती दिसते, अशी फिशर यांची कल्पना होती. बाईंनी निरनिराळ्या वंशांच्या म्हणून जमवलेल्या कवट्या मोजल्या, हिशेब केला आणि लिहून दिलं की असा संबंध दिसत नाही. आपल्याच मार्गदर्शकाच्या कल्पनेविरुद्ध, त्याच्याच संस्थेत, परदेशी विद्यार्थिनीनं. वर्ष १९३०च्या आगेमागे, शहर बर्लिन. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

सर : म्हणजे मोजपट्टीनं खोटा सिद्धान्त पाडला.

मॅडम : मोजपट्टी फिशरकडेही होती की! तीच प्रयोगशाळा, त्याच कवट्या. मोजपट्टी ज्यांच्या हातात होती त्यांना हवं तेच दिसत होतं. बाई १९३९ला इथं, डेक्कन कॉलेजात आल्या. सांकलियाही तेव्हाच आले. पुढे दोघं मिळून गुजरातेत लांघणजला खोदायला गेले. सांकलियांनी थर बघितले, बाईंनी सांगाडे. त्याच बाईंनी महाराष्ट्रभर फिरून माणसं मोजली, नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिला आणि महाभारतावर 'युगान्त' लिहिलं. सांगा, त्यांचं नाव कुठल्या विभागाच्या फळ्यावर लिहायचं?

सर : आणि कोसंबींचं?

मॅडम : कोसंबी आमचे.

सर : छे! दामोदर कोसंबी गणिताचे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब, ते काढायचं सूत्र त्यांनी १९४४मध्ये छापलं. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारी माणसं आजही ते त्यांच्या नावानं वापरतात.

मॅडम : आणि त्याच वर्षांत ते तराजू घेऊन तक्षशिलेची आहत नाणी तोलत होते. चांदीचं नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन घटतं. नाण्याच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. जितके ठसे जास्त तितकं वजन कमी, असं त्यांना आढळलं. म्हणजे ठसे हे वेळोवेळी नाणं तपासल्याच्या खुणा. त्यावरून कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं, हा क्रम लागला. झीज कशी होते ते पक्कं कळावं म्हणून त्यांनी रोजच्या चलनातली नाणीही तोलली. हे गणित की इतिहास?

सर : गणित.

मॅडम : भर्तृहरीच्या श्लोकांची चिकित्सक आवृत्ती काढली १९४८ला, तेही गणित?

सर : तुम्ही कोसंबी काढता, मी मान डोलावतो. पण गोव्यात जन्मलेला, अमेरिकेत शिकलेला, डझनभर भाषा वाचणारा माणूस शतकात एखादा होतो. अपवादावर धोरण आखता येत नाही. आपल्याकडच्या एखाद्या सहायक प्राध्यापकाला सांगा उद्या नाणी तोल आणि भर्तृहरीही संपादित कर. आठवड्याला सोळा तास वर्ग, परीक्षेचं काम, नॅकच्या फायली. आणि निम्मे शिक्षक तर तासिका तत्त्वावर. ज्याला दिवाळीनंतर आपण इथं असू की नाही हे माहीत नाही, तो कुठला दीर्घ प्रश्न हातात घेईल?

संवादात इथं मॅडम गप्प बसतात असं मी लिहिलं होतं, मग खोडलं. गप्प बसण्याइतका हा मुद्दा त्यांना नवा नाही.

मॅडम : म्हणूनच सगळं एका माणसात शोधू नका, एका इमारतीत शोधा. इथं कोसंबी नव्हते. पण राख वाचणारा, दाणे वाचणारा, जनावरांची हाडं वाचणारा, माणसांची हाडं वाचणारा आणि खापरं वाचणारा, असे सगळे एका आवारात वर्षानुवर्षं होते. खोदकाम १९८३ला थांबलं, इनामगावचा मुख्य अहवाल १९८८ला निघाला. मधली पाच वर्षं नोकरीत असलेली माणसं लागतात त्याला.

सर : पाच वर्षं परवडली. तुमच्या कोशाचं काय? संस्कृतचा ऐतिहासिक कोश १९४८ला सुरू झाला. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ धुंडाळून कोटीच्या घरात चिठ्ठ्या लिहिल्या. पहिला भाग बाहेर आला १९७६ला. अठ्ठावीस वर्षांनी! २०२२पर्यंत तीसच्या वर भाग निघाले आणि तरी गाडी पहिल्या अक्षरावर, 'अ'वरच. माझ्या विभागात असा प्रकल्प मागितला तर प्राचार्य मला रजेवर पाठवतील.

मॅडम : तुमच्या विभागात असा प्रकल्प कुणी मागत नाही, म्हणून तुमचं कुठलंही सूत्र दहा वर्षांनी शिळं होतं. हा कोश शंभर वर्षांनीही उघडतील.

सर : हे काही मला पटलं नाही. 'अ'वर सत्तर वर्षं म्हणजे नियोजन चुकलं, आणि चुकलं म्हणायला हरकत नसावी. ज्याच्यासाठी कोश करायचा तो वाचकच कोश पुरा होईपर्यंत जिवंत राहणार नाही. त्या चिठ्ठ्या स्कॅन करा, संगणकावर शोधता येतील अशा ठेवा, उरलेली अक्षरं आजच्या आज कच्च्या रूपात लोकांना मिळतील. इथं तुम्हाला माझ्या बाजूची माणसं लागतात.

मॅडम : लागतात. पण चिठ्ठीवरचा शब्द कुठल्या अर्थानं आलाय हे ठरवायला संस्कृत येणारं माणूस लागतं. ते येणारी माणसं तुमचा संगणक तयार होईपर्यंत निवृत्त होतील, आणि त्यांच्या जागा भरल्या जाणार नाहीत.

सर : पैसा आधी यंत्राला की आधी माणसाला?

मॅडम : माणसाला. यंत्र दिल्लीतही चालेल. कार्बनच्या नमुन्याचं वय काढायला तिथलं आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्र आहेच. नमुना कुठून घ्यायचा, हे कळणारं माणूस मात्र खड्ड्याजवळ हवं.

सर : आणि लेखावर पहिलं नाव?

मॅडम : प्रश्न ज्यानं विचारला त्याचं.

सर : ज्यानं मोजलं त्याचं.

यावर दोघांचं एकमत झालेलं नाही आणि मी ते करून देणार नाही. मला विचाराल तर पहिल्या नावाचं भांडण मोठं नाही. कोशाच्या गतीबद्दल सरांचं बरोबर आहे. पंचाहत्तर वर्षांत पहिलं अक्षर संपत नसेल तर विद्वत्तेच्या नावाखाली ते झाकून ठेवू नये. माणसाच्या जागेबद्दल मॅडमचं बरोबर आहे, आणि ते जास्त निकडीचं आहे. १९३४मध्ये सरकारनं खर्च वाचवायला डेक्कन कॉलेज बंद केलं होतं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, पाच वर्षं लढले, आणि १९३९च्या ऑगस्टमध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. सांकलिया आणि इरावतीबाई आले ते त्या उघडलेल्या दारातून. आता कॉलेज बंद करावं लागत नाही; जागा रिकाम्या ठेवल्या की पुरतं. नियामक मंडळावर बसणाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की पुढच्या परिपत्रकाला उत्तर म्हणून आंतरविद्याशाखीय परिषद भरवू नका. त्या मांडवाच्या पैशात तुमच्या इतिहास विभागातल्या आणि वनस्पतिशास्त्र विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या दोन शिक्षकांना वर्षभराचा पगार द्या, आणि दोघांना एकच खोली द्या.